वड्याचं तेल वांग्यावर: स्टीफन किंगने स्वतःच बाजारातून काढून घेतलेली कादंबरी



सुरुवातीलाच एक सूचना. आजच्या भागात शाळेतल्या गोळीबारांचा विषय आहे. रात्री झोपताना कानात इअरफोन घालून ऐकायची सवय असेल, तर हा भाग उद्या सकाळच्या लोकलसाठी किंवा बससाठी ठेवा. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित प्रत.

मागच्या भागात आपण अलेक्झांडर ड्युमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’वर बोललो. चौदा वर्षं तुरुंगात सडलेला एदमाँ दाँतेस बाहेर येतो आणि ज्यांनी त्याला आत टाकलं त्यांना एकेक करून गाठतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लिहिलं की हा सूड वाचताना भारी वाटतं. मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण एका श्रोत्या मुलीने व्हॉइस मेसेजमध्ये एकच प्रश्न विचारला: “ते सगळं ठीक आहे, पण त्या विलफोरच्या लहान पोराचं काय? त्याने काय केलं होतं?”

बरोबर आहे तिचं. दाँतेसला विलफोरला धडा शिकवायचा असतो आणि त्या सगळ्या उलथापालथीत विलफोरचा छोटा मुलगा मरतो. ते प्रेत पाहिल्यावरच दाँतेसला पहिल्यांदा शंका येते की आपण जे करतोय ते कितपत बरोबर आहे. म्हणजे इतका नेमका, इतका हिशेबी सूडसुद्धा शेवटी चुकीच्या घरात शिरला.

तो मेसेज ऐकला आणि मला माझ्या कपाटातलं एक पुस्तक आठवलं. आजचा भाग त्या पुस्तकावर. त्याचं नाव ‘रेज’. लेखक रिचर्ड बाकमन. आणि हा बाकमन म्हणजे दुसरा तिसरा कोणी नाही, स्वतः स्टीफन किंग. आज तुम्ही दुकानात गेलात तर किंगची शंभर पुस्तकं मिळतील, हे एक मिळणार नाही. कुठल्या सरकारने बंदी घातली म्हणून नाही. कोर्टाचा निकाल आला म्हणूनही नाही. लेखकानेच प्रकाशकाला सांगितलं, हे आता छापू नका.

आधी पुस्तकाची कुळकथा सांगतो. किंगचा जन्म 1947 चा. ‘रेज’ लिहायला घेतली तेव्हा तो हायस्कूलच्या शेवटच्या टप्प्यात होता, 1965-66 च्या सुमारास. म्हणजे शाळेत मनातल्या मनात जळणाऱ्या पोराबद्दल लिहिणारा स्वतःही शाळेतलाच पोरगा होता, हे लक्षात ठेवा. तेव्हा त्याने नाव ठेवलं होतं ‘गेटिंग इट ऑन’. पुस्तक पूर्ण व्हायला 1971 उजाडलं. डबलडे या प्रकाशनसंस्थेतल्या बिल थॉम्पसन या संपादकाला ते आवडलं होतं, किंगने बदलही करून दिले, पण शेवटी नकारच आला. पुढे 1974 मध्ये त्याच डबलडेने किंगची ‘कॅरी’ छापली आणि त्याचं नशीब फिरलं. मग हे जुनं हस्तलिखित 1977 मध्ये बाकमन या टोपणनावाने साध्या पेपरबॅकमध्ये आलं. फार गाजावाजा झाला नाही. बाकमन म्हणजेच किंग हे 1985 मध्ये फुटलं आणि मग बाकमनच्या चार कादंबऱ्यांचा एक जाडजूड खंड निघाला. त्यात ‘रेज’ होती.

माझ्याकडे आहे तो हाच खंड. फोर्टात हुतात्मा चौकाजवळ फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका काकांकडून घेतलेला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना. पुठ्ठा सुटलेला, आत कुणाच्या तरी हस्ताक्षरात ‘हॅपी बर्थडे’. किती महत्त्वाची वस्तू घरी नेतोय याची मला काही कल्पना नव्हती. काकांनाही नसावी, नाहीतर एवढ्या स्वस्तात दिली नसती.

आता गोष्ट. मेन राज्यातलं प्लेसरव्हिल नावाचं काल्पनिक गाव, मे महिन्यातली छान सकाळ, बीजगणिताचा तास. चार्ली डेकर खिडकीतून बाहेर हिरवळीवरची खार बघत बसलाय. त्याला मुख्याध्यापकांच्या ऑफिसात बोलावणं येतं. त्याआधी त्याने रसायनशास्त्राच्या मास्तरांच्या डोक्यात पाइप-पाना घातलेला असतो, त्याचा निकाल आज लागायचा असतो. चार्ली तिथे वाट्टेल ते बोलतो, त्याला शाळेतून काढून टाकतात. तो आपल्या लॉकरपाशी जातो, पिस्तूल काढतो, लॉकरला आग लावतो आणि परत वर्गात येतो. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मिसेस अंडरवूडना गोळी घालतो. थोड्या वेळाने दारात आलेल्या दुसऱ्या शिक्षकालाही. आणि मग दुपारपर्यंत सगळा वर्ग ओलीस.

एवढं ऐकून वाटेल की आता पोलीस, धावपळ, गोळीबार. पण नाही. पुढची जवळजवळ सगळी कादंबरी म्हणजे वर्गात बसून चाललेल्या गप्पा आहेत. चार्ली आपल्या बापाबद्दल बोलतो, मग हळूहळू बाकीची मुलंही आपापल्या घरातलं, मनातलं बाहेर काढतात. बाई समोर मरून पडल्यात आणि पोरं जणू ग्रुप थेरपीला बसलीयेत! इथेच हे पुस्तक साध्या थ्रिलरपेक्षा वेगळं आणि जास्त भीतीदायक होतं. बाहेर काय होईल याची धास्ती फारशी नाहीच, धास्ती आहे ती आतल्या मुलांना हे आवडायला लागलंय याची.

या कादंबरीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती म्हणजे बाप. चार्लीचे वडील, नौदलात काम केलेला कडक माणूस. लहानपणी चार्ली त्यांच्यासोबत आणि त्यांच्या मित्रांसोबत शिकारीला जातो. रात्री तंबूत पडल्या पडल्या त्याला बापाचं बोलणं ऐकू येतं. बायको दुसऱ्याबरोबर सापडली तर आपण तिचं नाक कसं कापू, याबद्दल. ते पोरगं अंधारात आईबद्दलचं हे बोलणं ऐकतंय. बस. तिथून पुढे चार्लीच्या पोटात जे बसलं ते कधीच निघालं नाही.

म्हणजे राग कोणावर? बापावर. गोळी कोणाला? बीजगणित शिकवणाऱ्या बाईंना.

आपल्याकडे म्हणतात ना, वड्याचं तेल वांग्यावर. स्वयंपाकघरातली म्हण आहे, अशा विषयात वापरताना जरा चोरट्यासारखं वाटतं, पण यापेक्षा नेमका शब्द मला सापडलेला नाही. रसायनशास्त्राचे मास्तर, मुख्याध्यापक, इंटरकॉमवरून बोलणारा शाळेचा मानसोपचारतज्ज्ञ, सगळे जण चार्लीसाठी बापाच्या जागी उभे केलेले पुतळे आहेत. त्या मानसोपचारतज्ज्ञाचा प्रसंग तर हात थरथरवतो. चार्ली त्याला अट घालतो: तू मला एकही प्रश्न विचारायचा नाहीस. विचारलास, तर मी इथे कुणाला तरी गोळी घालीन. आणि मग बोलता बोलता त्याला इतका डिवचतो की शेवटी त्याच्या तोंडून प्रश्न निसटतोच. चार्ली जमिनीवर गोळी झाडतो. पलीकडे इंटरकॉमवर त्या माणसाला वाटतं, आपल्यामुळे एक पोर मेलं. तो कोसळतो. आणि वर्गातली मुलं? ती खूश होतात.

वर्गात एकच जण असतो जो पहिल्यापासून म्हणतो की हा माणूस खुनी आहे, यात कौतुक करण्यासारखं काही नाही. टेड जोन्स. दिसायला देखणा, सगळ्यांचा लाडका मुलगा. शेवटी जवळजवळ सगळा वर्ग या टेडवर तुटून पडतो आणि त्याला इतकं मारतो, इतकं अपमानित करतो की त्याचं मन कायमचं मोडतं. चार्लीला स्वतः हात लावावा लागत नाही. एका पोराचा सूड दुपारपर्यंत वर्गभर पसरलेला असतो, आणि पुन्हा पत्ता चुकलेला असतो. टेडने त्यांचं काय वाकडं केलं होतं?

आता एक कबुली. एकोणिसाव्या वर्षी मी हे पुस्तक एका रात्रीत संपवलं आणि मला चार्ली आवडला. का आवडला ते मला माहीत आहे. नववीत असताना एका टोळक्याने मला वर्षभर छळलं होतं. डबा, सायकल, आडनाव, सगळ्यावरून. मी कुणाला काही बोललो नाही. वहीच्या शेवटच्या पानावर नावं लिहून ठेवली होती, क्रमाने. त्या पानाचं पुढे काही झालं नाही, रद्दीत गेलं. पण चार्ली वाचताना ते पान परत उघडल्यासारखं वाटलं. मग बऱ्याच वर्षांनी पुस्तक पुन्हा वाचलं आणि मला धक्का बसला तो एका गोष्टीचा. पहिल्या वाचनातून मिसेस अंडरवूड माझ्या लक्षातच राहिल्या नव्हत्या.

राहणार कशा? सगळी कादंबरी चार्लीच्या तोंडून आहे. ‘मी’ने सुरू होणारी, विनोदी, हुशार, जखमी. बाईंचा खून काही ओळींत उरकतो. त्यांच्या घरी कोण होतं, त्या सकाळी त्यांनी काय खाल्लं, काही नाही. जो सूड घेतो त्याला पूर्ण पुस्तक, जी मरते तिला चार ओळी.

हे वाचकाच्या डोक्यात राहिलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण ते पुस्तकाबाहेर आलं. यापुढे ज्या मुलांबद्दल बोलणार आहे त्यांची नावं मी घेणार नाही. नावं गुगलवर आहेत, पण त्यातल्या काहींना प्रसिद्धीच हवी होती, ती आपण कशाला द्यायची?

एप्रिल 1988, कॅलिफोर्नियातलं सॅन गॅब्रिएल. एक मुलगा रायफल घेऊन वर्गात शिरतो, साठेक जणांना ओलीस धरतो. अर्ध्या तासात एक विद्यार्थी त्याच्यावर झडप घालतो आणि प्रकरण मिटतं. त्याच्या मित्राने सांगितलं की तो ‘रेज’ पुन्हा पुन्हा वाचायचा. त्याच महिन्यात कुवेत एअरवेजचं विमान पळवल्याची बातमी जगभर चालू होती, तीही त्याच्या डोक्यात होती. तेव्हा एकट्या पुस्तकाला फासावर चढवू नका, एवढंच.

पुढच्या वर्षीची घटना मात्र मला सोडवत नाही. सप्टेंबर 1989, केंटकी राज्यातल्या मकी गावची शाळा. सतरा वर्षांचा मुलगा वर्गमित्रांना ओलीस धरतो, जवळपास नऊ तास. त्याच्या खोलीत पोलिसांना ‘रेज’ची प्रत सापडते. आणि त्याची मागणी काय होती माहीत आहे? पैसे नाहीत, हेलिकॉप्टर नाही. त्याला आपल्या वडिलांना भेटायचं होतं. कित्येक वर्षांत न भेटलेल्या वडिलांना. कोणी मेलं नाही, तो शेवटी शरण आला. पण विचार करा, ज्या पुस्तकाच्या पोटात बाप बसलाय ते पुस्तक नेमकं अशाच मुलाच्या हाती पडलं होतं.

1993 मध्ये केंटकीतच, ग्रेसन गावात, एका मुलाने आपल्या इंग्रजीच्या बाईंना आणि शाळेच्या सफाई कर्मचाऱ्याला वर्गासमोर मारलं. त्याने ‘रेज’वर निबंध लिहिला होता.

मग फेब्रुवारी 1996, वॉशिंग्टन राज्यातलं मोझेस लेक. चौदा वर्षांचा मुलगा. बीजगणिताचाच तास. शिक्षिका आणि दोन विद्यार्थी ठार. मेलेल्यांतल्या एका मुलाने त्याला त्रास दिला होता, म्हणजे इथे निदान एक पत्ता त्याच्या दृष्टीने खरा होता. बाकी दोघांचं काय? खटल्यात सरकारी पक्षाने ‘रेज’चं नाव घेतलं, एका सिनेमाचं, एका गाण्याच्या व्हिडिओचंही घेतलं. पण त्याच खटल्यात त्या मुलाच्या आईने साक्षीत जे सांगितलं ते मला या सगळ्यापेक्षा जड वाटतं. तिचा संसार मोडला होता. नवऱ्याला आणि त्याच्या मैत्रिणीला समोर बसवून, त्यांच्यादेखत स्वतःला संपवायचं, तेही व्हॅलेंटाइन डेला, असा तिचा बेत होता. आणि हा बेत तिने आपल्या मुलाला सांगितला होता. चौदा वर्षांच्या पोराला. सूडाची गोष्ट त्याच्या घरात आधीच चालू होती. पुस्तक नंतर आलं.

डिसेंबर 1997, केंटकीतलंच हीथ हायस्कूल. सकाळी शाळा भरण्याआधी काही मुलं-मुली गोल करून प्रार्थना करत होती. चौदा वर्षांच्या मुलाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तीन मुली मेल्या, पाच जण जखमी. त्याच्या लॉकरमध्ये बाकमनच्या कादंबऱ्यांचा तो खंड मिळाला. माझ्या कपाटात आहे तोच.

किंगला एवढं पुरे झालं. त्याने प्रकाशकांना सांगून ‘रेज’ बंद केली. त्या खंडातल्या बाकीच्या कादंबऱ्या नंतर वेगळ्या छापल्या गेल्या, ही नाही. एप्रिल 1999 मध्ये कोलंबाइनचा हत्याकांड झाला आणि त्याच्या पुढच्या महिन्यात व्हरमाँटमधल्या शालेय ग्रंथपालांसमोर भाषण करताना तो या निर्णयाबद्दल उघडपणे बोलला. पुढे सँडी हूकच्या शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेल्यावर, जानेवारी 2013 मध्ये, त्याने ‘गन्स’ नावाचा छोटा निबंध थेट ई-बुक म्हणून काढला आणि त्याची कमाई बंदूक-नियंत्रणासाठी झगडणाऱ्या ब्रेडी कॅम्पेनला दिली. गंमत म्हणजे त्याच निबंधात तो सांगतो की माझ्याकडेही बंदुका आहेत.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ही मुलं माझ्या पुस्तकाने बिघडली नाहीत, ती आधीच दुखावलेली होती, त्यांच्या घरात-शाळेत बरंच काही घडलं होतं. पण माझं पुस्तक आगीत तेल ओतणारं ठरत होतं. मग ते मी बाहेर पडू द्यायचं का? कायद्याने मला कोणी अडवत नव्हतं, मी मला योग्य वाटलं म्हणून थांबवलं. पुस्तक लिहिल्याबद्दल मात्र त्याने माफी मागितली नाही. मला हे पटतं. शाळकरी वयात ते लिहिताना तो खोटं बोलत नव्हता, आणि त्या काळात शाळेत घुसून गोळ्या घालणं ही आजच्यासारखी ठरावीक बातमी झालेली नव्हती. 1966 मध्ये जी कल्पना होती तिचा 1997 पर्यंत नमुना झाला होता. पुस्तक तेच होतं, भोवतालचं जग बदललं.

काहीजण म्हणतात, हा नसता घाबरटपणा. पुस्तकांवर असे आळ नेहमीच येतात. गटेची ‘वेर्थर’ 1774 मध्ये आली, तरुण मुलं नायकाचं अनुकरण करून जीव देताहेत अशी ओरड झाली, 1775 मध्ये लाइपझिग शहराने पुस्तकावर आणि वेर्थरसारख्या पोशाखावरही बंदी घातली. पोशाखावर! बंदी घालणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण सरकारने हिसकावून घेणं आणि लेखकाने स्वतःहून मागे घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी करायला आपलं लिखाण पुन्हा एकदा परक्याच्या नजरेने वाचावं लागतं.

मग प्रश्न येतो, ‘कॅरी’ का चालते? तिथे तर ‘रेज’पेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात, चारशेच्या वर. तीही शाळेत छळलेलीच मुलगी. तिचाही सूड छळणाऱ्यांपुरता राहत नाही, अख्खं गाव जळतं. एक उत्तर सोपं आहे: मनाच्या शक्तीने गाव जाळता येत नाही, त्यामुळे नक्कलही करता येत नाही. पिस्तूल मात्र कुणाच्याही बापाच्या कपाटात असू शकतं, निदान अमेरिकेत. पण मला दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘कॅरी’ एका आवाजात सांगितलेली नाही. मध्ये मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल येतो, साक्षी येतात, पुस्तकांचे उतारे येतात, वाचलेल्या सू स्नेलचं निवेदन येतं. जे मेले त्यांच्याबद्दल कोणीतरी बोलत राहतं. कॅरीची दया येते, पण तिच्या कानांनीच सगळं ऐकावं लागत नाही.

चार्लीच्या वर्गात दुसरा आवाज एकच होता, टेडचा. आणि त्याचं काय झालं ते मघाशी सांगितलं.

आता माझा दहावीतला भाचा. त्याला मी हा भाग लिहितोय हे कळलं आणि तो मागे लागलाय, “मामा, ते पुस्तक दे ना.” पीडीएफ तर तो स्वतःही शोधू शकेल, मोबाइल त्याच्या हातात चोवीस तास असतो. शाळेत त्याला कुणी त्रास देतं का, हे मी त्याला आजवर कधी विचारलं नव्हतं. या रविवारी विचारलं. आधी “काही नाही” म्हणाला, मग बराच वेळ सांगत बसला. पुस्तकाचं अजून ठरलेलं नाही. त्याच्या आईशी बोलायचंय.

तुमच्यापैकी कोणी ‘रेज’ वाचली असेल, किंवा वहीच्या शेवटच्या पानावर कधी नावं लिहिली असतील, तर व्हॉइस मेसेज पाठवा. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, मी ते पुढच्या भागात न सांगताच वाचीन. पुढच्या भागात ‘कॅरी’, आणि तिच्या हस्तलिखिताची ती पानं जी किंगने कचऱ्याच्या डब्यात टाकली होती आणि त्याच्या बायकोने, टॅबिथाने, उचलून काढली. भेटू.